स्टेडियम उभे राहत असताना : लोकमताचा एक अभ्यास

मोठ्या शहरात अथवा शहराच्या वेशीवर एखादे स्टेडियम उभे राहू लागले की त्याच्या पायाभरणीबरोबरच लोकमताचीही जडणघडण सुरू होते. कोणाला त्यात शहराचा गौरव दिसतो, तर कोणाला वाहतुकीची कोंडी दिसते. एखाद्याला मुलाच्या खेळाची सोय होईल असे वाटते, तर दुसऱ्याला हातची जमीन जाण्याची धास्ती वाटते. खांबांची उंची आणि सज्जांची लांबी अभियंते काटेकोरपणे मोजतात. लोकांच्या या बोलण्याची नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते. वस्तुतः बांधकाम चालू असताना लोक जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे बांधकाम संपल्यावर देता येत नाहीत. म्हणूनच या लोकमताचा अभ्यास हा कोणत्याही क्रीडाप्रकल्पाच्या नियोजनाचा आवश्यक भाग मानावयास हवा.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव मुंबईपासून शंभरावर किलोमीटर अंतरावर आहे. २०१६ साली रोखविरहित व्यवहारांच्या प्रयोगामुळे या बाजारपेठेच्या गावाचे नाव देशभर पोहोचले. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या परिसराला मुंबईचे स्टेडियम पूर्वी केवळ आकाशवाणीच्या समालोचनातून आणि वृत्तपत्रांतील छायाचित्रांतून ठाऊक होते. आता परिस्थिती बदलू लागली आहे. शहापूर तालुक्याला लागून असलेल्या भिवंडी तालुक्यात, आमणे येथे, सुमारे ५० एकर जागेवर एक लाख प्रेक्षकांचे स्टेडियम उभारण्याचा प्रस्ताव मुंबई क्रिकेट संघटनेने २०२४ साली पुढे मांडला. नागपूरहून येणारा समृद्धी महामार्ग ज्या आमणे येथे संपतो, तेच हे ठिकाण होय. त्यामुळे स्टेडियम हा विषय शहापूर-मुरबाडच्या ग्रामस्थांना आता दूरचा राहिलेला नाही. अशा प्रकल्पाकडे कसे पाहावे, हे ठरविताना मुंबईचाच पूर्वानुभव मार्गदर्शक ठरू शकतो.

एका शहरातील दोन स्टेडियम

मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम ७ डिसेंबर १९३७ रोजी सुरू झाले. समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर, चर्चगेट स्थानकाजवळ, क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या संस्थेने ते उभारले. त्याच वर्षी तेथे पंचरंगी सामने भरविण्यात आले. परंतु हिंदू संघाने त्यांत भाग घेतला नाही. कारण खेळाचे नव्हते. नव्या स्टेडियममध्ये आपल्या जिमखान्याला मिळणाऱ्या जागांच्या वाटपाबद्दल त्यांची तक्रार होती. देशातील सर्वांत देखण्या क्रीडांगणाच्या पहिल्याच हंगामात असा प्रसंग यावा, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक होती.

सुमारे पस्तीस वर्षांनी हाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. मैदान क्लबच्या मालकीचे आणि कसोटी सामन्यांचे यजमानपद मुंबई क्रिकेट संघटनेकडे, अशी व्यवस्था होती. संघटनेशी संलग्न असलेल्या क्लबांना अधिक जागा मिळाव्यात, असा तिचा आग्रह होता. क्लबला तो मान्य नव्हता. फेब्रुवारी १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना ब्रेबॉर्नवर झाला. त्यानंतर तेथे पुढचा कसोटी सामना होण्यास डिसेंबर २००९ उजाडावे लागले. दरम्यान संघटनेचे अध्यक्ष आणि राज्याच्या राजकारणातील ज्येष्ठ नेते शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र स्टेडियम उभारण्याचा निर्धार केला. आमदारांच्या एका सामन्यासाठी मैदान मागावयास गेलेल्यांना क्लबचे तत्कालीन अध्यक्ष विजय मर्चंट यांच्याकडून नकार मिळाला आणि त्यातून या निर्धाराची ठिणगी पडली, अशी हकीकत मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात आजही सांगितली जाते.

बांधकामाचा काळ आणि लोकांचे प्रश्न

नव्या स्टेडियमचा आराखडा शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाने केला आणि बांधकाम सुमारे तेरा महिन्यांत पार पडले. एवढ्या मोठ्या वास्तूसाठी हा अवधी असाधारण अल्प होता. ब्रेबॉर्नपासून एक किलोमीटरहून कमी अंतरावर दुसरे स्टेडियम उभे राहत होते. या काळातील चर्चेचे स्वरूप पाहिले असता तिच्यात तीन वेगवेगळे प्रश्न मिसळलेले आढळतात.

पहिला प्रश्न गरजेचा होता. हाकेच्या अंतरावर एक उत्तम स्टेडियम असताना दुसऱ्याची आवश्यकता काय? दुसरा प्रश्न अधिकाराचा होता. कसोटी सामना हा खासगी क्लबच्या सभासदांचा, की शहरभरच्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या क्लबांचा आणि सर्वसामान्य प्रेक्षकांचा? तिसरा प्रश्न गुणवत्तेचा होता. घाईने उभारलेली वास्तू सोयीची आणि टिकाऊ होईल काय? पहिल्या प्रश्नाकडे पाहणाऱ्याला हा प्रकल्प उधळपट्टीचा वाटणे साहजिक होते, तर दुसऱ्याकडे पाहणाऱ्याला तो न्यायाचा वाटणेही तितकेच साहजिक होते. दोन्ही बाजू एकाच वास्तूबद्दल बोलत असल्या तरी त्या एकाच प्रश्नाचे उत्तर देत नव्हत्या. सार्वजनिक बांधकामांविषयीचे वाद वर्षानुवर्षे न मिटण्याचे एक कारण हेच असते.

वानखेडे स्टेडियमवरील पहिला कसोटी सामना २३ ते २९ जानेवारी १९७५ या काळात वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचे द्विशतक पूर्ण होताच अभिनंदनासाठी मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केली. प्रेक्षक संतप्त झाले, नासधूस झाली आणि सुमारे दीड तासाचा खेळ वाया गेला. काँक्रीटचे सज्जे या कसोटीत टिकले; प्रेक्षक आणि बंदोबस्त यांच्यातील नाते मात्र पहिल्याच सामन्यात डळमळले. स्टेडियम वेळेत पूर्ण करणे आणि ते हजारो माणसांसाठी सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रसंगाचा धडा होय.

जागा कोणाच्या?

जागावाटपाच्या वादातून जन्मलेल्या वानखेडे स्टेडियमने तो वाद संपविला काय, हे पाहणे उद्‌बोधक आहे. २०११ च्या विश्वचषकासाठी या स्टेडियमची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी करण्यात आली. प्रेक्षकांची सोय वाढली, मात्र प्रेक्षकसंख्या कमी होऊन सुमारे ३३ हजारांवर आली. २ एप्रिल २०११ रोजी अंतिम सामना तेथे झाला. त्यासाठी सर्वसामान्यांना विक्रीसाठी उपलब्ध झालेली तिकिटे केवळ ४ हजारांच्या घरात होती. उर्वरित जागांपैकी मोठा भाग संलग्न क्लबांना आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेला द्यावयाचा होता. १९७३ मध्ये ज्या क्लबांच्या वतीने संघटनेने जागा मागितल्या, त्या क्लबांना आता जागा होत्या. पण रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाचे स्थान फारसे बदलले नव्हते.

१९३७, १९७३ आणि २०११ या तीन वर्षांना जोडणारा धागा स्पष्ट आहे. नवे स्टेडियम बांधल्याने जागा वाढतात किंवा कमी होतात; त्या कोणाला मिळाव्यात याचा नियम मात्र आपोआप बदलत नाही. तो नियम बांधकामापूर्वी ठरवून जाहीर करावा लागतो. एक लाख आसने असली तरी त्यांतील किती खुल्या विक्रीसाठी राखीव राहतील, किती कमी दराची असतील आणि स्थानिक ग्रामपंचायतींच्या शाळांसाठी काही जागा असतील काय, हे करारात लिहिलेले नसेल तर संख्येला फारसा अर्थ उरत नाही. जमीन शासनाची असेल तर ती देतानाच अशी अट घालणे शक्य असते. पुढे हा मार्ग अवघड होत जातो.

पाण्याचा हिशेब

स्टेडियमच्या हिरवळीला पाणी लागते. एरव्ही ही बाब कोणाच्या लक्षात येत नाही. दुष्काळात मात्र ती सर्वांच्या नजरेसमोर येते. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरविले जात असताना राज्यातील क्रिकेट मैदानांवर पाणी शिंपडण्याचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. १३ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मुंबईत व्हावयाचा अंतिम सामनाही त्यामुळे बंगळुरूला झाला.

शहापूर तालुक्यातील वाचकाला या घटनेचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबईची तहान भागविणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात आहेत. धरणाच्या पाण्याचे नळ दूरच्या शहरात आणि हंडे मात्र जवळच्या विहिरीवर, हे चित्र येथील स्त्रियांनी अनेक वर्षे पाहिले आहे. अशा परिसराजवळ एक विस्तीर्ण हिरवळ येणार असेल, तर तिला पाणी कोठून मिळणार हा प्रश्न खेळविरोधी ठरत नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते मैदानासाठी वापरणे, छतांवरील पावसाचे पाणी साठविणे, टंचाईच्या महिन्यांत वापराची मर्यादा आधीच निश्चित करणे, हे उपाय आज तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य आहेत. कोकणपट्टीतील पाऊस लक्षात घेता विस्तृत छतांवर पडणारे पाणी ही लहानसहान गोष्ट नव्हे. मात्र त्यासाठी टाक्या आणि नळमार्ग आराखड्यातच असावे लागतात. तयार स्टेडियमखाली त्या नंतर बसविणे अवघड आणि खर्चाचे असते.

जमीन आणि श्रम

स्टेडियमविषयीच्या चर्चेत प्रेक्षकांचा आवाज मोठा असतो. ज्यांच्या जमिनीलगत ते येते आणि ज्यांच्या श्रमातून ते उभे राहते, त्यांचा आवाज त्यामानाने क्षीण असतो. समृद्धी महामार्गाच्या वेळी शहापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनी भूसंपादनाला विरोध केला होता. जमीन एकत्रीकरणाच्या मूळ योजनेबरोबर थेट खरेदीचा पर्याय पुढे आल्यावर आणि मोबदल्याचे दर वाढल्यावर अनेकांनी जमिनी दिल्या. सुरुवातीच्या हरकती ऐकल्यामुळे योजना बदलली, असा या अनुभवाचा अर्थ लावता येतो. अशा प्रकल्पाजवळच्या जमिनींना मात्र भूसंपादनाची नोटीस येण्याआधीच दलालांचे निरोप येऊ लागतात. नियोजित रस्ते आणि वाहनतळ यांचा नकाशा कोणाला आधी कळतो आणि कोणाला उशिरा, यावर शेतकऱ्याचा नफा-तोटा ठरतो. नकाशा सर्वांसाठी एकाच दिवशी, मराठीत आणि गावच्या चावडीवर जाहीर होणे हे म्हणूनच मोबदल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कायद्याची चौकटही ध्यानात घेण्याजोगी आहे. शहापूर तालुका संपूर्णतः, तर भिवंडी आणि मुरबाड हे तालुके अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अशा क्षेत्रात विकास प्रकल्पांसाठी भूसंपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करण्याची तरतूद १९९६ च्या पेसा कायद्याने केली आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाची आणि जनसुनावणीची तरतूद केली. या तरतुदींचा उपयोग करून घेणे हे बव्हंशी ग्रामसभेच्या उपस्थितीवर आणि तयारीवर अवलंबून असते.

श्रमिकांचा विचारही येथेच करावयास हवा. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे ऑगस्ट २०२३ च्या प्रारंभी तुळई बसविण्याचे अवजड यंत्र कोसळून २० जणांना प्राण गमवावे लागले. स्टेडियमचे बांधकामही उंचावरचे, अवजड यंत्रांचे आणि बहुधा मुदतीच्या दडपणाखालील असते. काम किती महिन्यांत पूर्ण झाले याचे कौतुक होते. ते किती सुरक्षितपणे पूर्ण झाले याची चौकशीही नागरिकांनी तितक्याच आस्थेने करावयास हवी.

सामना नसलेला दिवस

वर्षातील मोजकेच दिवस मोठ्या सामन्यांचे असतात. उरलेल्या दिवशी स्टेडियम काय करते, यावर त्याची खरी उपयुक्तता ठरते. कॅनडातील माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या भव्य स्टेडियमचा खर्च अंदाजापेक्षा कितीतरी वाढला. त्याचे कर्ज फिटण्यास २००६ साल उजाडले. त्यासाठी तंबाखूवर बसविलेला विशेष कर नागरिक तीस वर्षे भरत होते. खेळांचा सोहळा दोन आठवड्यांचा आणि त्याचे देणे एका पिढीचे, असा तो व्यवहार झाला.

महाराष्ट्रात याच्या उलट दिशा दाखविणारी उदाहरणेही आहेत. पुण्याजवळील बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारण्यात आले. २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या आणि क्रीडा प्रबोधिनीच्या खेळाडूंना तेथे प्रशिक्षण मिळत आले. नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये सुरू झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथेच भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला. लोकल गाडीने पोहोचता येणाऱ्या मैदानावर भरगच्च प्रेक्षकांसमोर मुलींनी मिळविलेले ते यश मुरबाडच्या शाळकरी मुलीपर्यंतही पोहोचले असेल. परंतु दुसऱ्या दिवशी खेळावयास तिला स्वतःच्या गावात मैदान मिळाले तरच त्या यशाचे बीज रुजेल.

येथे मोठ्या स्टेडियमच्या जोडीने तालुका क्रीडासंकुलाचा विचार अपरिहार्य ठरतो. राज्य शासनाने २०२२ मध्ये क्रीडासंकुलांच्या अनुदानाची मर्यादा वाढवून तालुका संकुलासाठी १ कोटीवरून ५ कोटी, जिल्हा संकुलासाठी ८ कोटींवरून २५ कोटी आणि विभागीय संकुलासाठी २४ कोटींवरून ५० कोटी रुपये केली. ग्रामीण ठाण्यात कबड्डी आणि खो-खो हे जिव्हाळ्याचे खेळ आहेत. २०१४ मध्ये प्रो कबड्डी स्पर्धा सुरू झाल्यापासून मॅटवरील कबड्डीचे आकर्षण वाढले; मातीवर सराव करणाऱ्या खेळाडूला मात्र मॅटवरील पकड, बूट आणि वेग यांची सवय वेगळी करून घ्यावी लागते. एक मॅट, पावसाळ्यात वापरता येईल असे छप्पर, मुलींसाठी स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची खोली आणि संध्याकाळी परतीची एस.टी., एवढ्या गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध झाल्या तर त्यांतून जे खेळाडू घडतील, तेच उद्या मोठ्या स्टेडियमचे मैदान गाजवतील.

लोकमत ऐकण्याची रीत

या सर्व विवेचनातून असे दिसते की, बांधकाम सुरू असतानाच्या लोकमतात कौतुक आणि विरोध यांपलीकडेही बरेच काही असते. त्यात उपयुक्त माहिती असते. जागावाटपाची तक्रार करणारा प्रेक्षक वस्तुतः कराराचा मसुदा सुचवीत असतो. पाण्याविषयी विचारणारी स्त्री आराखड्यात टाकी सुचवीत असते. जमिनीविषयी साशंक असलेला शेतकरी नकाशा वेळेवर मागत असतो. स्वतःच्या गावात मैदान मागणारा शिक्षक स्टेडियमच्या उपयोगाचे वेळापत्रकच मांडत असतो. या सूचनांची नोंद घेण्यास फार खर्च लागत नाही. ग्रामसभेत प्रकल्पाची माहिती मराठीत मांडणे, आलेल्या प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर देणे आणि दर सहा महिन्यांनी कामाची प्रगती, खर्च व अपघात यांचा तक्ता जाहीर करणे, एवढ्या तीन गोष्टींनीही पुष्कळ गैरसमज टळतील. माहिती स्वतःहून मिळाली नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा नागरिकांच्या हाती आहेच.

नागरिकांची जबाबदारीही कमी नाही. केवळ भव्यतेने भारावून जाणे किंवा केवळ संशयाने नकार देणे या दोहोंत विचाराचे कष्ट वाचतात. पण हाती काही लागत नाही. ब्रेबॉर्न आणि वानखेडे यांचा इतिहास असे सांगतो की, जे प्रश्न पायाभरणीच्या वेळी मोकळे सोडले गेले, ते पुढील पिढीच्या दारात पुन्हा येऊन उभे राहिले. शहापूर आणि मुरबाडच्या ग्रामसभांना ते आधीच विचारण्याची संधी आहे. आसने किती खुली, पाणी कोठले, नकाशा केव्हा, कामगार सुरक्षित आहेत काय आणि सामना नसेल त्या दिवशी मैदानावर कोणाची मुले खेळणार, या पाच प्रश्नांची उत्तरे पहिला खांब उभा राहण्यापूर्वी मिळाली, तर तो खांब साऱ्या परिसराला आपला वाटेल.